हरणाबाईच्या तीन ओळी

सोमवार, ८ एप्रिल १९४६. बोरखडी.

मी अजून समुद्र पाहिलेला नाही. हे या वहीत एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा लाजायला नको. समुद्रातल्या जिवांवर संशोधन करायचं म्हणते आणि पाहिलाय तो पुण्याच्या कॉलेजातल्या कपाटात, रत्नागिरीहून आणलेल्या एका बाटलीत. पण त्या बाटलीतल्या एका थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली मी जे पाहिलं, ते रोज समुद्र बघणाऱ्या कितीजणांनी पाहिलं असेल? काचेची शिंगं, केसाळ पाय, हिरवे मणी. उघड्या डोळ्यांना नुसतं पाणी. या तरंगत्या बारीक जिवांना प्लँक्टन म्हणतात. समुद्रातले सगळे मासे शेवटी यांच्यावरच जगतात.

मुंबईच्या समुद्रजीव संशोधनशाळेचे डॉ. तळपदे यांनी माझ्या अर्जाला उत्तर दिलं: ‘मुलींची संशोधनाची हौस सहा महिने टिकते, असा आमचा अनुभव आहे. कोणत्याही एका पाण्यातले तरंगते जीव वर्षभर, दर पंधरवड्याला, खंड न पाडता मोजून दाखवा. मग जागेचा विचार करू.’ त्यांना वाटलं असेल, ही काही पुन्हा पत्र लिहीत नाही.

आबांनी वर्ष दिलं आहे. ते लष्करातून हवालदार होऊन परतले, बोलणं अजून हुकमाचंच. "पुढच्या ज्येष्ठात एकतर मुंबईचा कागद दाखव, न्हाईतर मांडवात उभी ऱ्हा." घरात बी.एस्सी. झालेली मीच पहिली. अडाण्यांत पहिली, शिकलेल्यांत शेवटची.

म्हणून ही शाळामास्तरणीची नोकरी. आमच्या गावी, उंब्रजला, नदी वाहती आहे, तिथे आज मोजलेलं पाणी उद्या कराडला जातं. मला एका जागी राहणारं पाणी हवं होतं. बोरखडीला पायऱ्यांची मोठी विहीर आहे, असं कळलं आणि मी इथली जागा मागितली. वरिष्ठांना वाटलं माझं डोकं फिरलं आहे.

विट्यापासून सात मैल चालत आले. ट्रंक गड्याच्या डोक्यावर, सूक्ष्मदर्शकाची पेटी माझ्या काखेत. ती मी कुणाला देत नाही. घसा कोरडा पडला होता. गावाच्या तोंडाशीच विहीर लागली. बेचाळीस पायऱ्या. खाली गेले, पिंढऱ्यांपर्यंत पाण्यात उभी राहिले आणि तीन ओंजळी पाणी प्याले. असं गोड पाणी कृष्णेचंही नाही.

रविवार, १४ एप्रिल

पहिला नमुना. दहा कळशा पाणी मलमलीच्या जाळ्यातून ओतायचं, जाळ्यात उरेल ते बाटलीत धुवून घ्यायचं, जीव सडू नयेत म्हणून वर फॉर्मलीनचे थेंब टाकायचे. जाळं मी शिवलं, कडं लोहाराकडून करून घेतलं.

गुडघाभर पाण्यात उभी राहून कळशा भरत होते. वर बायका जमल्या.

"मास्तरीणबाई, पानी गाळून टाकून देतायसा व्हय? आन् गाळ न्हेतायसा?"

"गाळच हवाय मला."

"मग आमच्या घरला या की. लय हाय."

हसण्याचा आवाज विहिरीत घुमतो आणि दुप्पट होतो. पाटील हंबीरराव काठावर उभे होते. म्हणाले, "पान्यातली ढेकनं मोजाय बी.एस्सी. व्हावं लागतं व्हय? आमची म्हातारी उशातली मोजती, तिला कुनी कागद दिला न्हाई."

दुपारी खिडकीत सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला आणि पाहिलं. सायक्लॉप्स! पेरूच्या बीएवढाही नाही, कपाळावर एकच तांबडा डोळा, मागे दोन पिशव्या अंड्यांच्या. एकूण सदतीस.

आणि हे सायक्लॉप्स नुसते मोजून सोडून द्यायचे नाहीत. गावात जिकडे बघावं तिकडे पायाला चिंधी. नारू. पुस्तकात आहे ते असं: नारूवाला माणूस पाण्यात पाय घालतो, जखमेतून नारूची पिल्लं पाण्यात पडतात, ती सायक्लॉप्स गिळतो, तो आपण पाण्याबरोबर पितो, मग वर्षभराने वीत-वीत लांब दोरा पायातून बाहेर येतो. इलाज एवढाच की पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं आणि नारूवाल्याने विहिरीत उतरायचं नाही.

मी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून गाळूनच पिते, त्यामुळे मला काळजी नाही.

रविवार, ५ मे

आज आवाज चढला. चढवायलाच हवा होता.

हरणाबाई म्हणून एक धनगरीण आहे, चाळिशीची. नवरा मेंढरं घेऊन घाटाखाली, ही इथे दोन म्हशी आणि सासू सांभाळते. उजव्या घोट्यातून नारू लोंबतोय, काडीवर गुंडाळलेला, आणि ही शेवटच्या पायरीवर पाय सोडून बसलेली.

मी वरूनच ओरडले, "उठा! सगळ्या गावाच्या पाण्यात विष कालवताय तुम्ही!"

"आवं आग हुती पायाची. पान्यात घातला की जरा गार वाटतं."

"तुमच्या गारव्यासाठी पोराबाळांनी नारू घ्यायचा?"

तीस-चाळीस माणसं ऐकत होती. हरणाबाई उठली. कळशी तिथेच ठेवून एकेक पायरी चढत वर आली. बेचाळीस पायऱ्यांना तिला किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

मग पाटलांच्या ओट्यावर जाऊन नियमच करून घेतला: ज्याला नारू किंवा पायाला फोड, त्याने वर कठड्यावर बसायचं, पाणी दुसऱ्याने आणून द्यायचं. पाटील कंटाळून ‘हं’ म्हणाले. ‘हं’ तर ‘हं’. आज मला पहिल्यांदा वाटलं, शिकल्याचा उपयोग झाला.

रविवार, २६ मे

चौथा नमुना, चव्वेचाळीस. पाणी फार खाली गेलं आहे. हरणाबाई तीन आठवडे कठड्यावर बसते आहे. कुणी आठवलं तर तिची कळशी भरून आणतं, नाहीतर बसून राहते. चौदा घरांनी गाळायला सुरुवात केली. सुट्टी आहे पण उंब्रजला गेले नाही, खंड नको.

रविवार, २१ जुलै

आठवा. एकवीस पायऱ्या बुडाल्या. सायक्लॉप्स फक्त सहा. छत्री उडाली, बाटली वाचली.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर. उंब्रज.

दिवाळी. उद्या पहाटेच निघायचं, रविवारचा नमुना आहे. आई म्हणाली, "भाऊबीज तरी हितं कर." मी म्हटलं, "सायक्लॉप्सला भाऊबीज नसते." आबा जेवताना हसले आणि मग हसल्याबद्दल रागावले.

आईने माझ्यासाठी तीन वार मलमल घेऊन ठेवली होती. कशाला हवी हे तिने विचारलंही नव्हतं. तिने पाटल्यांचा एक जोड कुठे ठेवला ते मात्र सापडत नाही म्हणे. आई अलीकडे विसरायला लागली आहे.

रविवार, १९ जानेवारी १९४७

एकविसावा. एकतीस. पाणी उतरलं की ते वाढतात, अगदी जिन्यासारखे आकडे चढताहेत. तक्ता भिंतीवर लावला आहे. शाळेतल्या मुली त्याला ‘बाईंची कुंडली’ म्हणतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

तेविसावा. अडतीस. आता तीनच राहिले. डाव्या घोट्याच्या वर खाजतंय. नवी चप्पल चावली असावी.

बुधवार, २६ फेब्रुवारी

चपलेचं नसावं. फोड आला आहे, सुपारीएवढा, आणि आग अशी की शाळेत फळ्यावर लिहिताना अक्षर वाकडं येत होतं. ताप. खोबरेल लावलं, उपयोग नाही. शेवटी संध्याकाळी विहिरीवर गेले आणि शेवटच्या पायरीवर बसून घटकाभर पाय पाण्यात सोडला. तेव्हा कुठे बरं वाटलं. फोड फुटला, मोकळं झालं. उद्यापर्यंत बरं होईल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सकाळी जखम धुतली. मधोमध पांढरा दोरा. हलत होता.

दुपारी शाळा सोडून दिली आणि खोलीचं दार लावून बसले. तीन ओंजळी. ८ एप्रिल. ही वही उघडून वाचली, माझ्याच अक्षरात आहे. वर्षभर लोकांना पुस्तकातलं सांगत होते आणि स्वतःला मात्र त्या पुस्तकाबाहेर ठेवलं होतं. आणि परवा? परवा मी घटकाभर पाय सोडून बसले होते. हरणाबाई निदान शिकलेली नव्हती.

लपवता येईल. मोजे घालीन. तीन नमुने राहिलेत, पाच-पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही. हा विचार मी केला, तो इथे लिहून ठेवते.

मग काठी घेतली आणि पाटलांच्या ओट्यावर गेले. आठ-दहा जण होते. पाय दाखवला आणि सांगितलं की परवा संध्याकाळी मी याच पायाने विहीर बाटवली, आता घराघरात सांगा, एक घोटही न गाळता पिऊ नका.

हंबीररावांनी वाकून पाय बघितला. "मंजी बी.एस्सी. झालं तरी नारू हुतो."

"होतो."

"मग गाळायचं कशाला?"

"मी गाळलं नव्हतं म्हणून झाला! पहिल्या दिवशी तसंच प्याले. त्यानंतर गाळलं, म्हणून एकच आहे, चार नाहीत."

"एकच हाय ह्ये कशावरनं?"

"थांबा महिनाभर. मोजून सांगते."

कुणीतरी फिसकन हसलं, मग पाटीलही हसले. पण गड्याला हाक मारून त्यांनी दवंडी द्यायला सांगितली. एवढं मी त्यांच्याकडून मागून घेतलंच असतं, पण मागावं लागलं नाही.

शनिवार, १ मार्च

पाणी संपलं, म्हणून कळशी घेऊन गेले. सवयीने पहिल्या पायरीवर पाय ठेवणार तोच खालून हरणाबाईचा आवाज.

"ए बाई! वर बसा. तुमचाच कायदा हाय."

बायका थांबल्या. मी कठड्यावर बसले. ऊन होतं. बसून राहिले. हरणाबाईने आपलं पाणी वर नेलं, म्हशींना नेलं, सासूचं नेलं. मग येऊन माझी कळशी उचलली.

"गेल्या साली तीन आठवडं बसलीया मी हितं," ती म्हणाली. "दगड दुपारी लय तापतो. पटकूर टाकून बसायचं."

"हरणाबाई, मी तेव्हा तुमचं पाणी एकदाही आणलं नाही."

"न्हाई आनलं."

एवढंच म्हणाली. ‘जाऊ द्या’ म्हणाली नाही. बरं केलं.

रविवार, २ मार्च

चोविसावा नमुना मी घेऊ शकत नाही. सकाळभर बसून ठरवलं, हरणाबाईला शिकवते. तिने विचारलं, "धा कळशा त्या फडक्यातनं ओतायच्या आन् उरल ते बाटलीत. ह्येच ना? वरीसभर बघतीया मी."

ती खाली गेली. मी कठड्यावरून वाकून बघत होते, ती इतका वेळ लावते की जीव खालीवर होतो. एकशे सतरा आले.

एकशे सतरा! गेल्या खेपेला अडतीस. हिने तळ ढवळला असणार. चिडले. तक्त्यात लिहिलं: ‘नमुना हरणाबाई यांनी घेतला’.

दुपारी तिनेच माझा नारू काडीवर घेतला. रोज बोटभर. "वढायचा न्हाई. तुटला तर पाय जातोय. मेंढराची लोकर कातताना धागा कसा येतो, तसं त्येच्या मनानं येऊ द्यायचं." ‘तुमी’ जाऊन ‘तू’ कधी झालं, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

रविवार, १६ मार्च

पंचविसावा. हरणाबाई. एकशे एकवीस. काय करते ही खाली? विचारलं तर म्हणते, "पानी भरती."

रविवार, ३० मार्च

सव्विसावा आणि शेवटचा. हरणाबाई. एकशे सव्वीस. नारू काल पूर्ण आला, दोन वीत चार बोटं. एकच होता. हंबीररावांना निरोप पाठवला.

गावात यंदा नारूचे एकोणीस, गेल्या वर्षी त्रेपन्न. गाळणाऱ्या चौदा घरांत दोनच. एकोणिसांतली एक मी.

गुरुवार, ३ एप्रिल

तक्ता मुंबईला रवाना. सगळं खरं लिहिलं, शेवटचे तीन कुणी घेतले तेही.

शुक्रवार, १८ एप्रिल

उत्तर आलं!! पाकीट उभ्यानेच फाडलं.

‘काम अपेक्षेपेक्षा चांगले आहे. शेवटचे तीन आकडे एकदम तिपटीने वाढलेले दिसतात. ते एका अडाणी बाईने गोळा केलेले असल्याने वगळावेत. तेवीस नमुन्यांचा सुधारित तक्ता पाठवा. आजारपणामुळे पडलेला खंड मंडळ मान्य करील. जूनपासून जागा देण्यास हरकत नाही.’

जागा देण्यास हरकत नाही. दहा वेळा वाचलं. फक्त तीन ओळी काढायच्या. मी लगेच नवा कागद घेऊन आखायलाही बसले.

रविवार, २० एप्रिल

आज विहिरीवर गेले ते मनाची टोचणी घालवायला. हरणाबाई कुठे चुकली ते एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणजे तिच्या ओळी खोडताना हात अडखळायचा नाही. पाय बरा झाला आहे, आता उतरायला हरकत नाही.

आधी मी दहा कळशा घेतल्या. बायका थांबल्या, घटकाभर पाणी निवळू दिलं. मग हरणाबाईने घेतल्या, आणि मी तिच्या शेजारी बसून पाहिलं.

ती पाण्यात पाऊल घालतच नाही. शेवटच्या कोरड्या पायरीवर उकिडवी बसते, सावली मागे पडेल अशी. कळशी आडवी धरून काठ नुसता टेकवते आणि थांबते. पाणी आपलं आपण आत येतं. बुडबुड असा आवाजसुद्धा नाही.

"असं का भरता?"

"मग कसं भरायचं? उन्हाळ्यात पानी हाय का जास्त? एकीनं पाय घालून गढूळ केलं की मागनं दहाजनींनी गाळ न्ह्यायचा. सासू टाळकं फोडायची माजं." मग बाकीच्यांकडे बघून, "ही बया कशी उतरती बघितलंय का? म्हस डुंबाय जाती तशी. धबाक्!"

"करून दाखवा," मी म्हटलं.

तिने लुगडं वर खोचलं, नाक वर केलं आणि अगदी माझ्यासारखी, भराभर, गुडघाभर पाण्यात शिरली. कळशी उलटी दाबून बुडवली. बायका हसून हसून पायऱ्यांवर बसल्या. मीही हसले. मग म्हटलं, "अशाच दहा भरा."

मग थोड्या वेळाने मी तिच्यासारखी बसून दहा भरल्या.

चार बाटल्या. दुपारी मोजल्या, दोनदा मोजल्या. माझ्या पद्धतीने मी: एकोणचाळीस. हरणाबाई तिच्या पद्धतीने: एकशे पंधरा. हरणाबाई माझ्या पद्धतीने: एक्केचाळीस. मी तिच्या पद्धतीने: अठ्ठ्याण्णव.

मी कृष्णाकाठची. आमच्याकडे नदीत शिरून घागर बुडवतात; वाहत्या पाण्याला त्याचं काही नाही. इथे मी पाय घातला की सायक्लॉप्स खाली पळतात. वर्षभर मी त्यांना आधी हाकललं आणि मग उरलेले मोजले. त्यांच्या लेखी मी म्हैसच.

हरणाबाईच्या तीन ओळी बरोबर आहेत. माझ्या तेवीस चुकल्या आहेत.

मंगळवार, २२ एप्रिल

आबा आणि आई आले. जागा मिळाल्याचं पत्र दाखवलं. आबांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. "मंजी गेलीसच म्हन की मुंबईला!" मग मी चार बाटल्यांची गोष्ट सांगितली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"द्वारके, कोन बघाय जातंय? सायेब सोताच म्हनतोय काढ. हुकूम हाय त्यो. गावाला पानी गाळाय शिकवतीस, तर हितं तीन वळी गाळ की!"

"गाळायच्याच तर माझ्या तेवीस गाळायला हव्यात, आबा."

"मग ऱ्हायलं काय हातात? तीन वळीवर कोन जागा देतंय? वरीस संपलं तुझं, ध्यानात हाय का? मी शब्द दिलाय लोकांना."

"तुम्ही शब्द दिलाय, तो पाळायचा म्हणता. मीही तक्ता दिलाय."

आबा उठून अंगणात गेले. आई इतका वेळ खाली बघत होती. ती म्हणाली, "त्या बाईचं नाव काय म्हनलीस?"

"हरणाबाई."

"जेवाय बोलीव तिला."

हरणाबाई आली, संकोचाने दाराशीच बसली. आईने तिला आत ओढून घेतलं. दोघी भाकरी थापताना पाणी कसं भरायचं यावर भांडल्या. आई नदीची बाजू सोडेना, हरणाबाई विहिरीची. आबा अंगणातून ओरडले, "आता तू बी संशोधन कराय लागली व्हय?"

बुधवार, २३ एप्रिल

भीती वाटते. खरंच वाटते. जागा हातात आली आहे आणि मी मूठ उघडते आहे. तळपदे म्हणतील, वर्षभर चुकलेली मुलगी. मग उंब्रज, मांडव, उसाच्या बांधावरची हळदीकुंकवं. समुद्र बाटलीतलाच राहील.

पण तो सुधारित तक्ता दिला आणि मुंबईला गेले, तर तिथे मी मोजलेला कुठलाही आकडा मला खरा वाटायचा नाही.

पत्र लिहिलं. सव्वीसच्या सव्वीस ओळी ठेवल्या. खाली चार बाटल्यांचा प्रयोग जसाच्या तसा लिहिला आणि शेवटी: ‘क्र. १ ते २३ हे माझ्या सदोष पद्धतीमुळे कमी भरलेले आहेत. क्र. २४ ते २६ विश्वसनीय आहेत. ते हरणाबाई यांचे असून त्यांचे नाव काढता येणार नाही.’ ‘अडाणी’ हा शब्द त्यांनी वापरला होता, त्याचं उत्तर द्यायचं मनात होतं. दिलं नाही. आकड्यांनीच दिलं आहे.

टपालात टाकताना आबा बरोबर होते. पाकीट नीट आत पडलं का ते त्यांनी पेटीवर थापटी मारून बघितलं.

रविवार, १८ मे

पंचवीस दिवस झाले. उत्तर नाही. उंब्रजहून निरोप आला, पाहुणे ज्येष्ठात येणार. तरी मी विहिरीवर जाऊन नमुना घेतला, बसून. कुणी मागितलेला नाही.

शनिवार, ७ जून

आज उत्तर आलं.

‘स्वतःचेच वर्षाचे काम स्वतः खोटे ठरवणारा अर्ज माझ्याकडे प्रथमच आला आहे. मंडळात यावर तासभर वाद झाला. १६ जूनला हजर व्हावे. एक वर्षाची नेमणूक. बोटीवर स्त्रियांना नेण्याची सोय नाही. पावसाळा संपल्यावर समुद्रातले नमुने कोळी आणून देतील. आपण संशोधनशाळेत बसून मोजावेत.’

आधी खोलीभर नाचले, मग शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचली. म्हणजे त्यांना माझं पत्र कळलंच नाही. वादही घातला आणि कळलं नाही! नमुना कसा घेतला हे न बघता मोजायचं, हीच तर चूक होती.

हरणाबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंजी कोळी पानी भरनार आन् तू कठड्यावर बसनार?"

"हो."

"नारू हाय का तुला आता?"

"नाही."

"मग कशाला बसतीस?"

रविवार, ८ जून

कार्ड लिहिलं: ‘नेमणूक स्वीकारते. ज्या नमुन्याचे जाळे पाण्यात कसे सोडले हे मी पाहिलेले नाही, तो नमुना मी मोजणार नाही. बोटीवर माझी सोय करावी लागणार नाही. बसायला फळी पुरेल.’

आबा आणि आई परवा आले आहेत. आबांनी कार्ड वाचून डोक्याला हात लावला. "मिळालेली जागा घालवतीस, पोरी. आदी रुजू हो, मग बोल."

"रुजू झाल्यावर बोललं की त्याला कुरकुर म्हणतात, आबा."

"आन् न्हाई म्हनले तर?"

"तर परत लिहीन. तुम्ही लष्करात सुट्टीचा अर्ज किती वेळा केला होता?"

"सात."

"मग?"

त्यांनी पाहुण्यांना नकार कळवायला कागद मागितला आणि माझी दौत घेऊन ओट्यावर जाऊन बसले. बाजूला पाय सोडून बसलेल्या आईने एकदाच माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात पाटल्यांचा दुसरा जोडही दिसला नाही. म्हणजे पहिलाही हरवला नव्हता, माझ्यासाठीच मोडला होता.

शुक्रवार, १३ जून

नवी मास्तरीण आली. तिला पहिल्याच दिवशी गाळून पाणी दिलं आणि फडकं हातात ठेवलं. नमुन्यांचं जाळं हरणाबाईला दिलं. दर पंधरवड्याला ती भरेल, नवी बाई बाटलीवर तारीख लिहील, बाटल्या मुंबईला येतील. तक्त्यात नाव हरणाबाईचंच राहील.

मुंबईहून उत्तर आलेलं नाही. वाट पाहणार नाही. सोमवारी सोळा तारीख आहे. मी उद्या निघते.